मधुमेहींची मूत्रपिंडे आणि फॅमिली डॉक्टर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मधुमेह असलेल्या व्यक्तीचे मूत्रपिंड वाचवण्याची खरी वेळ ही कोणताही त्रास नसण्याच्या वर्षांत असते, आणि त्या वर्षांत रुग्ण मूत्रपिंडतज्ज्ञांकडे नव्हे, तर आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडेच जात असतो. त्यामुळे पुढील प्रश्नोत्तरे मुख्यतः नेहमीच्या दवाखान्यात काय तपासावे, काय सुरू करावे आणि काय घाईने बंद करू नये, याविषयी आहेत. औषधांची नावे माहितीसाठी दिली आहेत. ती आपल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय सुरू अथवा बंद करू नयेत.

मधुमेहामुळे मूत्रपिंडे बिघडतात म्हणजे नेमके काय होते?

प्रत्येक मूत्रपिंडात साधारण दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, त्यातला जवळजवळ सगळा द्रव शरीर परत शोषून घेते आणि उरलेला दीड-दोन लिटर लघवीवाटे बाहेर पडतो. रक्तात साखर जास्त असली की गाळलेल्या द्रवातही ती जास्त उतरते. गाळणीपुढच्या नलिकेत ही साखर परत शोषली जाते तेव्हा तिच्याबरोबर सोडियमही जास्त शोषले जाते, आणि त्यामुळे नलिकेच्या पुढच्या टप्प्यावर सोडियम कमी पोहोचते. तिथल्या पेशी यावरून असा अर्थ काढतात की गाळण कमी पडते आहे, आणि गाळणीकडे रक्त आणणारी सूक्ष्म धमनी त्या सैल सोडतात. परिणामी गाळणीच्या आतला दाब वाढतो आणि ती गरजेपेक्षा जास्त काम करू लागते. या काळात गाळण्याचा वेग वाढलेला असल्यामुळे अहवाल उत्तम दिसतो, हा या आजाराचा मोठाच चकवा आहे.

वर्षानुवर्षे हा दाब आणि वाढलेली साखर यांमुळे गाळणीची पडदी जाड होते, पडदीला धरून असलेल्या पेशी गळून पडतात आणि एरवी रक्तातच राहणारे अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत झिरपू लागते. पुढे गाळणीच्या जागी व्रण तयार होतो आणि ती कायमची बंद पडते. तिचे काम उरलेल्या गाळण्यांवर पडते, त्यांच्यातील दाब आणखी वाढतो आणि हे चक्र सुरू राहते. गाळण्यांमधील या गाठीसारख्या व्रणांचे वर्णन किमेलस्टील आणि विल्सन यांनी १९३६ साली केले. पण तो ऱ्हास औषधाने मंदावता येतो हे ठामपणे सिद्ध व्हायला १९९३ साल उजाडावे लागले.

प्रत्येक मधुमेहीला हा आजार होतोच का?

नाही. मधुमेह असलेल्यांपैकी साधारण ३० ते ४० टक्के व्यक्तींना आयुष्यात केव्हातरी मूत्रपिंडविकार होतो. रक्तदाब, तंबाखू, बराच काळ अनियंत्रित राहिलेली साखर, लठ्ठपणा आणि कुटुंबातील मूत्रपिंडविकाराचा इतिहास यांमुळे धोका वाढतो. मात्र कोण सुटेल आणि कोण सापडेल हे चेहऱ्यावरून किंवा साखरेच्या आकड्यावरून सांगता येत नसल्यामुळे तपासणी सर्वांचीच करावी लागते.

मला लघवीचा काहीच त्रास नाही, पायांना सूज नाही. मग तपासणी कशासाठी?

मूत्रपिंड दुखत नाही, आणि निम्मे काम गेले तरी ते तक्रार करत नाही. सूज, मळमळ, खाज, दम लागणे ही लक्षणे बहुधा काम फारच थोडे उरल्यावर दिसतात. लघवीला टिकून राहणारा फेस येणे हे प्रथिने जात असल्याचे चिन्ह असू शकते, पण त्याची वाट पाहणे म्हणजे सुरुवातीची सोन्यासारखी वर्षे गमावणे होय. कारण ज्या पातळीवर उपचारांचा सर्वाधिक उपयोग होतो, त्या पातळीवरचे अल्ब्युमिन डोळ्यांना दिसतच नाही.

कोणत्या तपासण्या कराव्यात आणि केव्हापासून?

दोनच. पहिली, रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडे लघवीवाटे बाहेर टाकतात तो एक टाकाऊ पदार्थ) आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडांच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज. दुसरी, लघवीतील अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर, ज्याला प्रयोगशाळा एसीआर किंवा यूएसीआर म्हणतात. त्यासाठी चोवीस तासांची लघवी साठवण्याची गरज नसते. एक नमुना, शक्यतो सकाळचा पहिला, पुरेसा असतो. टाइप २ मधुमेहात निदान झाल्या दिवसापासूनच या दोन्ही तपासण्या दरवर्षी कराव्यात, कारण निदानापूर्वी साखर किती वर्षे वाढलेली होती हे कुणालाच ठाऊक नसते. टाइप १ मधुमेहात निदानानंतर ५ वर्षांनी त्या सुरू करतात. एकदा बिघाड आढळला की त्याच्या तीव्रतेनुसार वर्षातून दोन ते चार वेळाही त्या कराव्या लागतात.

क्रिएटिनिन नॉर्मल आले आहे. तरीही लघवीची तपासणी हवीच का?

हवीच, आणि आमच्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत महाग पडणारी चूक हीच आहे. साखरेची तपासणी न चुकता होते, क्रिएटिनिनही होते, पण लघवीतील अल्ब्युमिनची चिठ्ठी लिहायची राहून जाते. लघवीत अल्ब्युमिन झिरपू लागणे हे बहुतेकदा गाळण्याचा वेग घटण्याच्या कितीतरी आधी घडते, आणि ते मूत्रपिंडाबरोबरच हृदयाच्या धोक्याचीही सूचना देते. साध्या पट्टीने केलेली लघवीची तपासणी इतके थोडे अल्ब्युमिन पकडू शकत नाही. त्यामुळे पट्टीवर ‘निल’ लिहून आले म्हणून निश्चिंत होऊ नये.

शिवाय ‘क्रिएटिनिन नॉर्मल’ हे शब्दही फसवे आहेत. क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होते, म्हणून ज्याचे स्नायू कमी त्याचे क्रिएटिनिनही कमी. समजा, २५ वर्षांचा एक तरुण आणि ६५ वर्षांची एक स्त्री या दोघांचेही क्रिएटिनिन १.१ मिलिग्रॅम आले. २०२१ साली सुधारलेल्या सूत्राने हिशेब केला तर तरुणाचा ईजीएफआर सुमारे ९५ येतो आणि त्या स्त्रीचा सुमारे ५६. कागदावरचा आकडा एकच. एकाचे मूत्रपिंड ठणठणीत, तर दुसरीला तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करून मूत्रपिंडविकाराचे निदान पक्के करण्याची गरज. म्हणून प्रयोगशाळेने ईजीएफआर छापला नसेल तर तो आवर्जून काढून घ्यावा. अतिशय कृश व्यक्तीत किंवा भरपूर स्नायू असलेल्या व्यक्तीत हा अंदाजही चुकू शकतो, आणि तेथे सिस्टॅटिन सी ही रक्ततपासणी मदतीला येते.

एसीआर वाढलेले आले. म्हणजे आजार झालाच का?

एका अहवालावरून नाही. एसीआर ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमपेक्षा कमी असणे सर्वसामान्य मानले जाते, ३० ते ३०० ही मध्यम वाढ आणि ३०० च्या वर तीव्र वाढ. हा आकडा दिवसागणिक बराच खालीवर होतो. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, मासिक पाळी, आदल्या चोवीस तासांतला दमछाक करणारा व्यायाम, फार वाढलेली साखर किंवा रक्तदाब आणि हृदयाची घटलेली क्षमता, यांपैकी कशानेही तो तात्पुरता वाढू शकतो. म्हणून तीन ते सहा महिन्यांच्या काळात घेतलेल्या तीन नमुन्यांपैकी दोन वाढलेले आले तरच निदान पक्के धरतात. ईजीएफआरच्या बाबतीतही बिघाड किमान तीन महिने टिकलेला असावा लागतो.

यात एक धोका मात्र आहे. ‘पुन्हा करून पाहू’ असे म्हटले जाते आणि ते ‘पुन्हा’ वर्षभर येत नाही. दुसऱ्या तपासणीची तारीख पहिल्या अहवालावरच लिहून घ्यावी.

ईजीएफआरचे टप्पे कसे वाचावेत?

९० किंवा अधिक हा पहिला टप्पा, ६० ते ८९ दुसरा, ४५ ते ५९ आणि ३० ते ४४ हे तिसऱ्याचे दोन भाग, १५ ते २९ चौथा आणि १५ च्या खाली पाचवा. पहिल्या दोन टप्प्यांत लघवीत अल्ब्युमिन अथवा बिघाडाचे अन्य चिन्ह असल्याशिवाय त्याला आजार म्हणत नाहीत. हे आकडे शेकडा टक्के नव्हेत, तरी ‘मूत्रपिंड साधारण इतके टक्के काम करते’ असे समजून घेतल्यास फारसे बिघडत नाही. एका आकड्यापेक्षा उतार महत्त्वाचा. निरोगी व्यक्तीतही चाळिशीनंतर वर्षाला सुमारे एक अंक कमी होतो. वर्षाला पाचाहून अधिक अंक जात असतील तर ती धोक्याची घंटा होय. म्हणूनच जुने अहवाल फेकू नयेत.

रक्तदाब किती असावा?

मधुमेह आणि मूत्रपिंडविकार दोन्ही असतील तर सर्वसाधारणपणे १३०/८० च्या खाली. मूत्रपिंडविकारांविषयी मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ‘केडिगो’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने वरचा आकडा १२० च्या खाली सुचवला आहे, पण तो पाच मिनिटे शांत बसवून, ठरलेल्या पद्धतीने मोजलेल्या रक्तदाबासाठी आहे. जिना चढून आल्या आल्या मोजलेल्या आकड्याला तो लावू नये. वयस्कर आणि उभे राहताच चक्कर येणाऱ्या रुग्णांत इतका कमी रक्तदाब गाठण्याचा हट्ट धरणे योग्य नाही. घरी यंत्राने मोजून लिहून ठेवलेले आकडे दवाखान्यातल्या एका आकड्यापेक्षा डॉक्टरांना जास्त उपयोगी पडतात.

‘प्रिल’ किंवा ‘सार्टान’ गटातली गोळी सुरू केल्यावर क्रिएटिनिन वाढले. ती बंद करावी का?

बहुधा नाही, आणि याचे कारण नीट समजून घेण्यासारखे आहे. गाळणीत रक्त एका धमनीने येते आणि दुसरीने बाहेर जाते. रामिप्रिल, एनालाप्रिल यांसारखी ‘प्रिल’ औषधे आणि लोसार्टान, टेल्मिसार्टान यांसारखी ‘सार्टान’ औषधे बाहेर जाणारी धमनी सैल करतात, त्यामुळे गाळणीतला दाब उतरतो. दाब उतरला की गाळण्याचा वेग सुरुवातीला थोडा कमी होणार आणि क्रिएटिनिन थोडे चढणार, हे ओघानेच आले. तो औषध काम करत असल्याचा पुरावा आहे. पहिल्या चार आठवड्यांत क्रिएटिनिनची ३० टक्क्यांपर्यंतची वाढ स्वीकारार्ह मानतात. मात्र वाढ त्याहून जास्त असेल तर शरीरातील पाणी कमी झाले आहे का, वेदनाशामके चालू आहेत का, मूत्रपिंडाची धमनी अरुंद झाली आहे का, हे शोधावे लागते.

या औषधांचा आधार भक्कम आहे. टाइप १ मधुमेहात कॅप्टोप्रिलने मूत्रपिंडांचा ऱ्हास मंदावतो हे १९९३ साली दिसले, आणि टाइप २ मध्ये लोसार्टान व इर्बेसार्टान यांनी तेच साधते हे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांनी दाखवले. तरीही क्रिएटिनिन १.२ चे १.४ झाले की घाबरून गोळी बंद केली जाते आणि ती पुन्हा कधीच सुरू होत नाही, असे वारंवार घडते. औषध सुरू केल्यावर अथवा मात्रा वाढवल्यावर दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासावे, आणि मात्रा झेपेल तितकी पूर्ण करावी. नावाला दिलेल्या लहान मात्रेने नावालाच फायदा होतो. पोटॅशियम वाढल्यास आधी आहार, अन्य औषधे आणि मूत्रल (लघवी वाढवणारी) गोळी यांचा विचार करावा, लगेच औषधावर काट मारू नये.

दोन बंधने मात्र कडक आहेत. ‘प्रिल’ आणि ‘सार्टान’ एकत्र देऊ नयेत. २००८ आणि २०१३ च्या चाचण्यांत या जोडीने फायदा न होता अपाय वाढलेला दिसला. आणि गरोदरपणात, किंवा गर्भधारणेचा विचार असताना, ही औषधे चालत नाहीत, म्हणून तसे डॉक्टरांना आधीच सांगावे.

माझा रक्तदाब आणि एसीआर दोन्ही नॉर्मल आहेत. मलाही ही गोळी हवी का?

केवळ मूत्रपिंडे जपण्यासाठी म्हणून नको. अल्ब्युमिनही नाही आणि रक्तदाबही नाही अशा व्यक्तीत तिचा तसा फायदा सिद्ध झालेला नाही.

‘फ्लोझिन’ गटातली औषधे ही साखरेची औषधे आहेत ना? माझी साखर तर आटोक्यात आहे.

त्यांचा जन्म साखरेची औषधे म्हणूनच झाला. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ साली वेगळा केलेला फ्लोरिझिन हा पदार्थ लघवीवाटे साखर घालवतो हे जुनेच ज्ञान होते, आणि त्याच धाग्यावरून पुढे कॅनाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे तयार झाली. ती नलिकेतले साखर आणि सोडियम यांचे एकत्रित शोषण अडवतात. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात सांगितलेला गैरसमज त्यामुळे दूर होतो: पुढच्या टप्प्यावर सोडियम पोहोचते, पेशी येणारी धमनी पुन्हा आवळतात आणि गाळणीतला दाब उतरतो. म्हणजे ‘सार्टान’ जाणारी वाट मोकळी करते, तर ‘फ्लोझिन’ येणारी वाट आवरते. म्हणून दोन्ही औषधे एकमेकांना पूरक ठरतात.

२०१९ साली क्रेडेन्स या चाचणीत, आधीच ‘प्रिल’ किंवा ‘सार्टान’ घेणाऱ्या टाइप २ मधुमेहींत, कॅनाग्लिफ्लोझिनमुळे मूत्रपिंड निकामी होणे व तत्सम गंभीर घटनांचा धोका ३० टक्क्यांनी घटला. २०२० मध्ये डापाग्लिफ्लोझिनच्या आणि त्यानंतर एम्पाग्लिफ्लोझिनच्या चाचणीने असाच फायदा दाखवला, आणि त्या दोन्हींत मधुमेह नसलेले मूत्रपिंडरुग्णही होते. साखर कमी होण्याशी या फायद्याचा फारसा संबंध नाही हे त्यावरून स्पष्ट होते. ईजीएफआर घटल्यावर या औषधांचा साखरेवरचा परिणाम जवळजवळ संपतो, पण मूत्रपिंडावरचा राहतो. म्हणून ‘साखर उतरत नाही, मग कशाला चालू ठेवायचे’ हा युक्तिवाद येथे लागू होत नाही. टाइप २ मधुमेहात ईजीएफआर २० किंवा अधिक असेपर्यंत ही औषधे सुरू करता येतात, आणि एकदा सुरू केल्यावर तो २० च्या खाली गेला तरी, झेपत असल्यास, डायलिसिस लागेपर्यंत चालू ठेवतात. सुरुवातीला ईजीएफआर थोडा उतरतो. त्याची भीती बाळगू नये.

काळजी कोणती घ्यावी? लघवीत साखर जात असल्यामुळे गुप्तांगांच्या जागी बुरशीचा संसर्ग होऊ शकतो; रोजची स्वच्छता आणि कोरडेपणा यांनी तो बराच टळतो आणि झाल्यास साध्या मलमाने बहुधा बरा होतो. रुग्णाला संकोच वाटतो म्हणून डॉक्टरांनीच हा विषय काढावा. दुर्मीळ पण गंभीर धोका केटोॲसिडोसिसचा आहे, आणि त्यात साखर फार वाढलेली नसतानाही रक्त आम्लधर्मी होते. उलट्या, पोटदुखी, धाप, अतिशय थकवा असे काही झाल्यास साखरेचा आकडा पाहून स्वस्थ बसू नये. लांबलेले उपवास आणि मोठी शस्त्रक्रिया यांपूर्वी हे औषध थांबवावे लागते. शस्त्रक्रियेआधी साधारण तीन दिवस. टाइप १ मधुमेहात केटोॲसिडोसिसचा धोका जास्त असल्याने ते सहसा देत नाहीत.

याशिवाय आणखी काही औषधे आहेत का?

आहेत. फिनेरेनोन हे औषध अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाची मूत्रपिंडातील दाहक व व्रणकारक क्रिया अडवते. २०२० साली फिडेलिओ चाचणीत त्याने मूत्रपिंडविषयक गंभीर घटना १८ टक्क्यांनी कमी केल्या. टाइप २ मधुमेहात, ‘सार्टान’ व ‘फ्लोझिन’ चालू असूनही अल्ब्युमिन जातच असेल आणि पोटॅशियम सर्वसामान्य असेल, तर त्याचा विचार करतात. पोटॅशियमची नियमित तपासणी ही त्याची अट. दुसरे सेमाग्लुटाइड. आठवड्यातून एकदा घ्यावयाच्या या इंजेक्शनाने मूत्रपिंडविषयक व हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंसह मुख्य घटना २४ टक्क्यांनी घटल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्लो चाचणीत दिसले. वजन जास्त आणि साखर आटोक्याबाहेर असलेल्यांना त्याचा दुहेरी उपयोग होतो.

सर्वांना चारही औषधे लागतात असे नाही. पण चार पायऱ्या चढायला दहा वर्षे घेणे, म्हणजे प्रत्येक पायरीवर मूत्रपिंड आणखी बिघडण्याची वाट पाहणे, हेही शहाणपणाचे नाही.

साखर किती ठेवावी? मेटफॉर्मिनने किडनी खराब होते हे खरे का?

एचबीए१सीचे, म्हणजे गेल्या सुमारे तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवणाऱ्या रक्ततपासणीचे, लक्ष्य व्यक्तीनुसार साधारण ६.५ ते ८ टक्क्यांच्या दरम्यान ठेवतात. तरुण, इतर आजार नसलेल्या व्यक्तीत कमी, आणि वृद्ध, वारंवार साखर उतरणाऱ्या व्यक्तीत जास्त. साखर चांगली ठेवल्याने अल्ब्युमिन झिरपण्याची सुरुवात लांबते हे १९९० च्या दशकातील मोठ्या अभ्यासांनी दाखवून दिले आहे. मूत्रपिंडविकार पुढे गेल्यावर आणि रक्त कमी झाल्यावर मात्र एचबीए१सी चुकीचे येऊ शकते. तेव्हा बोटातून मोजलेल्या साखरेवर अधिक विसंबावे.

मेटफॉर्मिन मूत्रपिंड बिघडवत नाही. मूत्रपिंड बिघडल्यावर ते शरीरात साचते, एवढाच त्याचा दोष. म्हणून ईजीएफआर ४५ च्या खाली गेल्यावर मात्रा कमी करतात आणि ३० च्या खाली बंद करतात.

येथे एक इशारा द्यायला हवा. वर्षानुवर्षे न आटपणारी साखर एकाएकी ‘सुधारली’, इन्सुलिनची मात्रा कमी करावी लागली, तर घरात आनंद होतो. इन्सुलिनचा निचरा मूत्रपिंडे करतात; ती मंदावली की तेच इन्सुलिन जास्त वेळ टिकते आणि साखर उतरू लागते. ग्लिबेनक्लामाइडसारख्या गोळ्यांनी तर ती धोकादायकरीत्या उतरू शकते. अशा वेळी पेढे वाटण्याआधी ईजीएफआर पाहावा.

आहारात काय बदलावे? पाणी जास्त प्यावे का?

सर्वांत आधी मीठ. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सगळ्या पदार्थांतले मिळून एक चहाचा चमचाभर. मीठ कमी केल्याने रक्तदाब उतरतो हे सर्वांना माहीत असते. ते कमी केल्याने ‘सार्टान’ गटाच्या औषधांचा अल्ब्युमिनवरचा परिणाम वाढतो हे फार थोड्यांना. ताटातले वरचे मीठ बंद करून भागत नाही, कारण खारवलेल्या आणि पाकीटबंद पदार्थांतून ते नकळत जाते. ‘कमी सोडियमचे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असते, तेव्हा मूत्रपिंडरुग्णाने ते विचारल्याशिवाय वापरू नये.

प्रथिने दर किलो वजनामागे दिवसाला ०.८ ग्रॅम पुरेशी असतात, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला सुमारे ४८ ग्रॅम. प्रथिनांची पूडही नको आणि प्रथिने पूर्ण बंदही नकोत. भीतीपोटी डाळी सोडून कृश झालेले रुग्ण अधिक लवकर खचतात. डायलिसिसवरील व्यक्तीला तर उलट जास्त प्रथिने लागतात. फळे आणि भाज्या पोटॅशियमच्या नावाखाली सर्वांनीच सोडण्याचे कारण नाही. रक्तातले पोटॅशियम वाढलेले असेल तरच तसे बंधन.

पाणी तहानेनुसार प्यावे. घटाघट पाणी पिऊन मूत्रपिंड ‘धुतले’ जात नाही, आणि सूज किंवा हृदयविकार असलेल्याला ते अपायकारक ठरते.

कोणती औषधे टाळावीत?

पहिले नाव वेदनाशामकांचे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि त्या गटातील इतर गोळ्या गाळणीकडे येणारा रक्तपुरवठा कमी करतात. ‘सार्टान’ आणि मूत्रल गोळी चालू असताना त्यांची भर पडली तर मूत्रपिंड काही दिवसांत अचानक बंद पडू शकते. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेली गोळी रुग्ण ‘औषध’ म्हणून मोजतच नाही, त्यामुळे डॉक्टरांनी ‘अंगदुखीला काय घेता?’ असे वेगळे विचारावे. पॅरासिटामॉल योग्य मात्रेत तुलनेने सुरक्षित आहे. घटक न छापलेली चूर्णे आणि भस्मे यांत जड धातू असू शकतात. ‘नैसर्गिक’ या शब्दाने मूत्रपिंडाचे संरक्षण होत नाही. रंगद्रव्य टोचून करावयाच्या स्कॅनपूर्वी आपला ईजीएफआर सांगावा.

उलट्या, जुलाब किंवा तापाने खाणेपिणे सुटले असेल तर ‘फ्लोझिन’, मेटफॉर्मिन, ‘प्रिल’ किंवा ‘सार्टान’ आणि मूत्रल गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने तात्पुरत्या थांबवाव्यात आणि नीट खाऊ-पिऊ लागल्यावर एक-दोन दिवसांत पुन्हा सुरू कराव्यात. इन्सुलिन मात्र परस्पर बंद करू नये. आजारपणात काय थांबवायचे याची चिठ्ठी बरे असतानाच लिहून घ्यावी.

कोलेस्टेरॉल आणि तंबाखू यांचा मूत्रपिंडाशी काय संबंध?

मधुमेही मूत्रपिंडरुग्णाला डायलिसिसपेक्षा हृदयविकाराचा धोका बहुधा आधी गाठतो, म्हणून जवळजवळ सर्वांना स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध देतात. तंबाखू कोणत्याही रूपात सोडावी. साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि सवयी या सर्वांवर एकाच वेळी काम केल्याचा परिणाम डेन्मार्कमधील स्टेनो-२ या अभ्यासात दिसला: लघवीत अल्ब्युमिन जाणाऱ्या १६० टाइप २ मधुमेहींपैकी ज्यांच्यावर सुमारे आठ वर्षे असे सर्वांगीण उपचार झाले, ते २१ वर्षांच्या पाठपुराव्यात इतरांपेक्षा मध्यमानाने ७.९ वर्षे अधिक जगले. त्या वेळी ‘फ्लोझिन’ औषधे नव्हतीही.

मूत्रपिंडतज्ज्ञांकडे केव्हा जावे?

ईजीएफआर ३० च्या खाली गेला, एसीआर सातत्याने ३०० च्या वर राहिले, वर्षभरात ईजीएफआर पाचाहून अधिक अंकांनी घसरला, तीन-चार औषधांनीही रक्तदाब आवरेना किंवा पोटॅशियम वारंवार वाढू लागले, तर पाठवणी करावी. आणखी एक प्रसंग म्हणजे चित्र मधुमेहाशी जुळत नसणे: लघवीत रक्त, अल्ब्युमिनची अचानक मोठी वाढ, किंवा टाइप १ मधुमेहात डोळ्यांच्या पडद्यावर कोणताही दोष नसताना मूत्रपिंडाचा बिघाड. मधुमेहीला दुसरा मूत्रपिंडविकार होऊच शकत नाही असे नाही. तज्ज्ञांकडे पाठवल्यानंतरही नेहमीच्या डॉक्टरांचे काम संपत नाही, कारण वेदनाशामक मागायला रुग्ण त्यांच्याकडेच येणार असतो.

या सगळ्याने आजार बरा होतो का, की डायलिसिस फक्त लांबते?

व्रण पडलेली गाळणी परत येत नाही. अल्ब्युमिन मात्र उपचारांनी कमी होऊ शकते. ‘फक्त लांबते’ या शब्दांत किती वर्षे दडलेली आहेत ते पाहावे. क्रेडेन्स चाचणीत सुरुवातीच्या आठवड्यांनंतर ईजीएफआरचा वार्षिक उतार औषध न घेणाऱ्या गटात ४.५९ आणि घेणाऱ्या गटात १.८५ होता. ५५ वर असलेली व्यक्ती पहिल्या वेगाने १० वर पोहोचायला सुमारे १० वर्षे घेईल, दुसऱ्या वेगाने सुमारे २४. हा सरासरीवरचा ढोबळ हिशेब आहे आणि प्रत्येकाचा उतार वेगळा असतो, पण साठीतल्या माणसासाठी या दोन आकड्यांमधला फरक म्हणजे डायलिसिस करावे लागणे आणि कधीच न लागणे एवढा असू शकतो.

निदानच उशिरा झाले, ईजीएफआर २५ वर आला आहे. आता काही करण्यासारखे उरले आहे का?

पुष्कळ उरले आहे. ‘फ्लोझिन’ अजूनही सुरू करता येते, ‘सार्टान’ चालू ठेवता येते, रक्तदाब आणि मीठ यांवर काम करता येते. फक्त मेटफॉर्मिन थांबवावे लागेल आणि इतर औषधांच्या मात्रा तपासाव्या लागतील. हिमोग्लोबिन, कॅल्शियम, फॉस्फरस आणि बायकार्बोनेट यांची तपासणी आता सुरू व्हायला हवी. हिपॅटायटिस बीची लस याच टप्प्यावर घ्यावी, कारण पुढे तिचा परिणाम कमी होतो. प्रत्यारोपणाचा विषयही डायलिसिस सुरू होण्याआधीच बोलून ठेवावा. योग्य दाता मिळाल्यास मधल्या डायलिसिसशिवाय थेट प्रत्यारोपण होऊ शकते. आणि ज्या हाताने आपण लिहीत नाही, त्या हाताच्या पुढच्या भागातील शिरेत सुई किंवा सलाइन लावू देऊ नये: उद्या डायलिसिससाठी फिस्टुला (शीर आणि धमनी यांचा शस्त्रक्रियेने केलेला जोड) करायची वेळ आली तर तीच शीर लागणार असते, तेव्हा रक्त घ्यायचे झाल्यास ते मनगटाखालच्या, म्हणजे हाताच्या पंजाच्या मागच्या शिरेतून घ्यायला सांगावे.